ऑफिसचं इंट्रानेट कुणी उघडतच नाही, सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, कुठून सुरुवात करू?

कुंडईकर_ताई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण हा विषय महिनाभर डोक्यात घोळतोय आणि ऑफिसात कुणाशी बोलावं तर "सॉफ्टवेअर बदलूया" यापुढे गाडी जात नाही.

मी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्यात एचआर आणि ॲडमिन दोन्ही बघते. प्लांट आणि पणजीचं ऑफिस धरून दोनशेच्या आसपास माणसं. तीन वर्षांपूर्वी शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर इंट्रानेट, म्हणजे फक्त कंपनीतल्या माणसांसाठीची वेबसाइट, बनवलं, बाहेरच्या लोकांकडून करून घेतलं, वर एमडींचा फोटो, त्याखाली मिशन-व्हिजन, मग डिपार्टमेंटप्रमाणे डबे, एचआर, अकाउंट्स, प्रॉडक्शन, क्वालिटी, स्टोअर्स. पहिला महिना सगळ्यांनी बघितलं, नंतर तिकडे कुणी फिरकलं नाही. आता रजेचा फॉर्म हवा असला, पगाराची स्लिप हवी असली, ईएसआयचं कार्ड कसं काढायचं हे विचारायचं असलं की लोक व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात आणि मी किंवा स्टोअर्सचा मुलगा कागदाचा फोटो काढून टाकतो. ग्रुप मोजले तर अकरा निघाले.

पण जुलैत एक प्रकार झाला आणि त्यानंतर हे असंच चालू द्यायला मन घेत नाही. आमची स्टाफ बस वाळपईहून निघते, होंडा, साखळी, आमोणा, माशेल करत कुंडईला येते. जूनमध्ये शिफ्टची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणली तशी बसही वीस मिनिटं लवकर झाली. नवीन टाइमटेबल मी ग्रुपवर टाकलं आणि विषय संपला असं धरून चालले. लॅबमध्ये एक मुलगी नवीन लागली होती, ट्रेनी, ग्रुपवर तिला अजून कुणी घेतलं नव्हतं आणि जॉइनिंगच्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं की बाई, सगळं इंट्रानेटवर आहे, तिथे बघत जा. तिने बघितलं. दुसऱ्या दिवशी ती साखळीला ६.४० च्या बससाठी उभी, बस ६.२० लाच गेलेली, वर धो धो पाऊस. दोन बस बदलून साडेनऊला पोचली तेव्हा बॅगेतल्या वह्यासुद्धा भिजल्या होत्या आणि सिस्टिमने हाफ डे लावून टाकला होता. माझ्या टेबलाशी येऊन तिने काही न बोलता मोबाईल पुढे केला, स्क्रीनवर आमचाच कागद, आमचाच लोगो, आणि खाली लागू दिनांक दोन वर्षांपूर्वीचा. मग मी सिक्युरिटी केबिनमध्ये जाऊन बघितलं तर तिथे त्याच्याही आधीचं टाइमटेबल लॅमिनेट करून लावलेलं.

हाफ डे मी रद्द करून घेतला, पण जिने माझ्यावर विश्वास ठेवला तिचंच नुकसान झालं हे मनातून जात नाही.

तर विचारायचं हे, की खरंच नवीन सॉफ्टवेअर घ्यावं का, की आहे तेच नीट करता येईल, आणि मी एकटी असताना हे सगळं अपडेट कसं ठेवायचं, आणि व्हॉट्सॲप बंद करावं का. कुणी प्रत्यक्ष केलं असेल त्यांनी कृपया सांगा.

वेर्णा_क्यूए

ताई, सॉफ्टवेअर अजिबात बदलू नका. तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीच.

मी वेर्ण्याला फार्मामध्ये डॉक्युमेंट कंट्रोल बघतो, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे जुनी एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ते लिहिलेला कागद, फ्लोअरवर सापडली तर ऑडिटर तिथेच थांबतो, कारण जुन्या कागदावरून बॅच बनली तर औषध चुकतं. म्हणून आमच्यात नवीन रिव्हिजन निघाली की डॉक्युमेंट कंट्रोलचा माणूस रजिस्टर घेऊन फिरतो. ग्रॅन्युलेशनला दोन कॉप्या दिल्या होत्या, पॅकिंगला एक, स्टोअर्सला एक, मिळून चार. त्या चारही हातात आल्याशिवाय, मोजून सही झाल्याशिवाय नवीन कॉपी देतच नाहीत. एक जुनी प्रत 'ऑब्सोलीट' म्हणजे कालबाह्य असा शिक्का मारून कपाटात, बाकीच्या फाडतात. नवीन वाटणं हे अर्धंच काम आहे, जुनं परत गोळा करणं हे उरलेलं अर्धं आणि तेच तुमच्याकडे झालं नाही. तुम्ही टाइमटेबल वाटलं, पण जुनं दोन ठिकाणी जिवंत राहिलं. त्यात लॅमिनेट केलेला कागद सगळ्यात वाईट, साधा कागद पिवळा पडतो, कोपरे दुमडतात, माणूस शंका तरी घेतो, लॅमिनेशन दहा वर्षांनीसुद्धा नवंच दिसतं.

तेव्हा पहिलं काम हे करा, की कुठला कागद कुठे कुठे लावलाय किंवा टाकलाय याची एक वही करा. बसचं टाइमटेबल: इंट्रानेट, केबिन, कॅन्टीनचा बोर्ड, ड्रायव्हरकडे. बदल झाला की ती ओळ बघायची आणि सगळीकडचं बदलायचं, आणि जमेल तिथे जागाच कमी करायच्या.

दुसरं, प्रत्येक पानाला मालक पाहिजे. मालक म्हणजे माणूस, डिपार्टमेंट नाही. 'एचआर विभाग' असं लिहिलंत की ते कुणाचंच राहत नाही. पानाच्या वरच लिहा, हे पान कोण सांभाळतं, शेवटचं कधी तपासलं, पुढे कधी तपासणार. तुमच्या कंपनीला आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं मानक असेलच, त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.५ हा क्लॉज याच विषयाचा आहे, माहिती जिथे हवी तिथे हवी तेव्हा मिळाली पाहिजे आणि बदलांवर नियंत्रण पाहिजे. म्हणजे मॅनेजमेंटपुढे जाताना तुमच्या हातात आधार आहे, हे तुमच्या मनाचं नाही.

तपासायची तारीख का लागते त्याचं एक उदाहरण देतो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा जो कायदा आहे त्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती लागते आणि समिती नेमल्याचा आदेश लोकांना दिसेल असा लावावा लागतो. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. आता तुमचं इंट्रानेट तीन वर्षांचं आहे म्हणता, तर तिथली नावं आजच जाऊन बघा. नोकरी सोडून गेलेल्या बाईंचा नंबर तिथे असेल आणि कुणा मुलीने वेळ आल्यावर तोच फिरवला तर काय, विचार करा.

सर्व्हररूम_म्हापसा

क्यूए सरांशी सहमत, मी टेक्निकल बाजू सांगतो.

ताई, तुम्ही पीडीएफ अपलोड करताय का? बसचं टाइमटेबल पीडीएफमध्ये ठेवूच नका, शेअरपॉइंटमध्ये साधं पेज बनवा. मोबाईलवर पीडीएफ म्हणजे बोटांनी मोठं करा, सरकवा, आणि वर डाउनलोड होऊन फोनमध्ये पडतो, मग तोच जुना पीडीएफ सहा महिन्यांनी कुणीतरी ग्रुपवर फॉरवर्ड करतो. पेज डाउनलोड होत नाही, लिंक उघडली की जे आज आहे तेच दिसतं. आणि जिथे फाईलच लागते, म्हणजे फॉर्म वगैरे, तिथे नवीन फाईल त्याच नावाने त्याच जागी टाका, लिंक तीच राहते आणि जुनी व्हर्जन आत साठत जाते, शेअरपॉइंट ऑनलाइनमध्ये मुळात ५०० मेजर व्हर्जनपर्यंत ठेवतात. त्यामुळे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन २' असली नावं द्यायची गरज नाही. चुकून काही डिलीट झालं तर ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये असतं, तेव्हा जुनं काढून टाकायला घाबरू नका. मी बघितलंय की लोक 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून जुनं ठेवतात आणि मग सर्चमध्ये तेच पहिलं येतं.

कुणाच्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये, म्हणजे अकाउंटबरोबर मिळणाऱ्या ऑनलाइन जागेत, कंपनीची मुख्य फाईल असेल तर आजच हलवा. माणूस सोडून गेला, त्याचं अकाउंट काढलं की डीफॉल्ट सेटिंगला ती वनड्राइव्ह ३० दिवसच राहते. माझ्या आधीच्या नोकरीत मशीनच्या मेंटेनन्सचा सगळा इतिहास एका इंजिनियरच्या ड्राइव्हमध्ये होता, तो गल्फला गेला, पाचव्या आठवड्यात कुणाला तरी आठवण झाली.

परमिशनचं बघा. सर्चमध्ये प्रत्येकाला तेवढंच दिसतं जेवढं बघायची त्याला परवानगी आहे, हे खरं, पण कुणीतरी घाईत एखाद्या फोल्डरला 'एव्हरीवन' दिलेलं असतं आणि त्यात पगाराची शीट असते. फोल्डर खोल असल्यामुळे आजवर कुणाला सापडली नाही एवढंच, सर्च सुधारलंत की सापडेल. म्हणून आधी परमिशन, मग सर्च. आणि आधारच्या कॉप्या, बँक पासबुकचे फोटो ग्रुपवर मागवत असाल तर ते आजपासून थांबवा, वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ ला झालाय, आणि कायदा नसता तरी कुणाचा आधार पन्नास जणांच्या फोनमध्ये कशाला पाहिजे.

आता एक गोष्ट जी मराठीत काम करणाऱ्यांनाच भोगावी लागते. तुमच्या जुन्या नोटिसा कुठल्या फॉन्टमध्ये आहेत? श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर सर्चला त्या कधीच सापडणार नाहीत. कृतीदेवमध्ये 'रजा' टाइप केलेलं असलं तर आपल्याला ते रजा दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे जे, टी, के ही तीन इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त वरून देवनागरी रंग चढवतो. माणूस मोबाईलवर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, रजा शोधतो आणि उत्तर येतं, काही मिळालं नाही. स्कॅन करून टाकलेल्या सर्क्युलरचंही तेच, तो नुसता फोटो. तेव्हा जी कागदपत्रं अजून लागू आहेत तेवढीच युनिकोडमध्ये परत टाइप करून घ्या, जुन्या सगळ्याच्या मागे लागू नका.

कुंडईकर_ताई

दोघांनाही देव बरें करूं. समितीची नावं लगेच जाऊन बघितली. तिघांपैकी एकजण मार्चमध्ये सोडून गेल्या आहेत. लाज वाटली. नवीन आदेश निघायला एमडींची सही लागेल, तोवर पानावरून तो नंबर काढून माझा आणि समितीच्या अध्यक्षांचा घातला.

नोटिसा श्रीलिपीतच आहेत.

अजून एक अडतंय. हे डिपार्टमेंटचे डबे ठेवायचे की बदलायचे? प्रॉडक्शनवाले म्हणतात आमचा डबा वर हवा, अकाउंट्स म्हणतात आमचा. मांडणी ठरवायची कशी?

ग्रंथपाल_फोंडा

कुंडईकर ताई, मी एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे, इंट्रानेट हा माझा प्रांत नाही पण मांडणी हा नक्की आहे, म्हणून लिहिते.

रजेचा अर्ज हवा असलेला माणूस 'मला एचआरकडे जायचंय' असा विचार करत नाही, तो 'मला सुट्टी हवी' असा करतो. बस कुठल्या डिपार्टमेंटची हे त्याला माहीतच नसतं. ॲडमिनची? ट्रान्सपोर्टची? डिपार्टमेंटप्रमाणे मांडणी म्हणजे कंपनीने स्वतःच्या सोयीने लावलेलं कपाट. लायब्ररीत जर आम्ही पुस्तकं कुठल्या दुकानातून आणली त्याप्रमाणे लावली तर हिशेबाला सोपं जाईल, पण मुलांना पुस्तक मिळणार नाही. एस. आर. रंगनाथन, मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. मी रोज रॅकमधून फिरताना हे एकच मनात धरते, इथे उभ्या असलेल्या मुलाला किती वेळ लागतोय.

मग मांडणी कशी ठरवायची, तर तुम्ही ठरवूच नका, आणि डिपार्टमेंट हेडनाही ठरवू देऊ नका. एक सोपी पद्धत आहे, तिला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. पोस्टकार्डाएवढे कागद कापा, एकेका कागदावर एकेक गोष्ट लिहा, बसची वेळ, पगाराची स्लिप, रजा किती उरली, बूट फाटले तर नवीन कुठून, अपघात झाला तर कुणाला फोन, असे तीस-चाळीस. मग वेगवेगळ्या कामाची पंधरा-एक माणसं एकेक करून बोलवा, कार्डं टेबलावर पसरा आणि म्हणा, जे जे एकत्र असावं असं तुम्हाला वाटतं ते एकत्र ठेवा आणि गठ्ठ्याला तुमच्या शब्दात नाव द्या. मध्ये बोलायचं नाही, समजावायचं नाही, फक्त बघायचं. मी लायब्ररीच्या वेबसाइटसाठी केलं होतं. मुलांनी 'सर्क्युलेशन' हा आमचा शब्द एकानेही वापरला नाही, सगळ्यांनी 'पुस्तक घेणं-देणं' लिहिलं. आम्ही वीस वर्षं काउंटरवर सर्क्युलेशन अशी पाटी लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती बदलली.

आणि कुठली तीस-चाळीस हे कळायला तुमचे ते अकरा ग्रुपच कामी येतील. त्यांच्यावर राग धरू नका, तिथे लोकांनी स्वतःच्या शब्दात लिहून ठेवलंय त्यांना काय लागतं ते. दोन आठवडे बसून फक्त प्रश्न उतरवून काढा, जसेच्या तसे, आणि कुठला किती वेळा आला ते मोजा. जे प्रश्न येतात तेवढीच पानं करा. मिशन-व्हिजन कुणी विचारलं नसेल तर ते पहिल्या पानावर कशाला?

सीझनवाला_कळंगुट

वरचं सगळं वाचलं, खूप चांगलं आहे, पण क्यूए सर, तुमचं रजिस्टर आणि सह्यांचं प्रकरण फार्मामध्ये ठीक, सगळ्या कंपनीने प्रत्येक पानाला तसं करायला घेतलं तर तिसऱ्या महिन्यात सगळे कंटाळतील. मी हॉटेलात ट्रेनिंग बघतो. आमच्याकडे ऑक्टोबरला माणसं येतात, मे महिन्यात निम्मी जातात, पुढच्या ऑक्टोबरला वेगळीच येतात. ज्याला स्विमिंग पूलच्या पंपाचा आवाज बदलला की काय करायचं ते माहीत होतं तो आता मनालीला असतो. त्यामुळे आमच्यात जे चुकलं तर माणसाला इजा होईल, गिऱ्हाइकाला त्रास होईल किंवा पैसे जातील असंच सही-शिक्क्याने सांभाळतो, केमिकल, आग, गॅस, ॲलर्जीची यादी. बाकीचं कुणीही बदलावं, चुकलं तर मागचं व्हर्जन परत आणता येतं.

माणसं गेली की माहिती जाते हे दुखणं जुनंच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव दिला, ज्यातून पुढे वेब झालं, त्याचा मूळ विषय हाच होता. तिथे माणसं साधारण दोन वर्षं राहायची आणि जाताना माहिती हरवायची, कुणी काय केलं होतं ते शोधायला वेळ जायचा. त्यांच्या साहेबांनी त्या कागदावर शेरा लिहिला होता, अस्पष्ट पण उत्कंठा वाढवणारं. मी हे आमच्या जीएमना सांगितलं आणि म्हटलं, सर, आपल्याकडे तर सातच महिने राहतात, आपल्याला हे त्यांच्यापेक्षा जास्त लागतं. ते पटलं त्यांना.

भाषेचं सांगतो. आमच्यात कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड, नेपाळी सगळे. मोठी एसओपी इंग्रजीत, ती कुणी वाचत नाही. आता आम्ही जिथे काम तिथे क्यूआर कोड लावतो. लाँड्रीच्या मशीनवर एक, केमिकलच्या रॅकवर एक. स्कॅन केला की त्या मशीनचंच पान, चार फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ हिंदीत, एक मराठीत. कोड तोच राहतो, पान बदलतं, म्हणजे क्यूए सर म्हणतात तो लॅमिनेशनचा धोकाही गेला. मात्र हे नवीन माणसाकडून तपासून घ्या. जुन्या माणसाला पान दाखवलं तर तो छान आहे म्हणतो कारण त्याला काम आधीच येतं. मी नवीन मुलाच्या हातात फोन देतो, मागे उभा राहतो आणि तो कुठे अडतो ते लिहून घेतो.

बी_शिफ्ट

नमस्कार. मी अशाच एका प्लांटमध्ये ऑपरेटर आहे, तुमच्या नाही, पण कुंडईतच. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. आम्हाला ईमेल आयडीच नाही. इंट्रानेट उघडायला कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड लागतो, तो ऑफिसवाल्यांना असतो. आमच्यातला एकही माणूस आजपर्यंत ते पान बघू शकलेला नाही आणि मीटिंगमध्ये म्हणतात कामगार इंट्रानेट वापरत नाहीत. शिवाय आत फोन नेऊ देत नाहीत, गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा. म्हणून आम्ही रात्री घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर विचारतो. दुसरं काही नाही आमच्याकडे.

सर्व्हररूम_म्हापसा

भाऊ, तुमचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि आमच्यासारख्यांच्या ते डोक्यातच येत नाही.

ताई, हे तुमच्याकडेही असणार, आधी तपासा. दोनशेपैकी किती जणांना लॉगिन आहे? मायक्रोसॉफ्टचं फ्रंटलाइन कामगारांसाठी एफ१ आणि एफ३ नावाचं कमी किमतीचं लायसन्स मिळतं, ऑफिसच्या लायसन्सपेक्षा बरंच स्वस्त, त्यात शेअरपॉइंटची पानं वाचता येतात. तेही मंजूर होणार नसेल तर कॅन्टीनमध्ये एक टीव्ही किंवा जुना कॉम्प्युटर लावा, वाचण्यापुरता, ज्यावर फक्त सगळ्यांसाठीची पानं उघडतील, कुणाचं वैयक्तिक काही नाही. आणि यूपीएस लावायला विसरू नका, पावसात लाईट गेली की सगळ्यात आधी तोच बंद पडेल आणि लोक परत ग्रुपवर जातील.

व्हॉट्सॲप बंद करू नका. बंद केलंत तर लोक तुमच्याशिवाय ग्रुप काढतील आणि तुम्हाला प्रश्नसुद्धा कळणार नाहीत. फक्त एक शिस्त लावा, ग्रुपवर उत्तर म्हणून कागदाचा फोटो टाकायचा नाही, पानाची लिंक टाकायची. पान नसेल तर आधी पान करायचं, मग लिंक. सुरुवातीला हात शिवशिवतो फोटो टाकायला, महिनाभर नेटाने पाळा.

वेर्णा_क्यूए

कळंगुटकर म्हणतात ते मान्य, सगळ्यालाच शिक्का नको, जोखीम बघून ठरवा. पण बसच्या वेळेलाही मी जोखमीतच धरेन. सकाळी सहाला अंधारात, पावसात, रस्त्यावर मुलगी एकटी उभी राहते, ते किरकोळ नाही.

अजून एक, त्याच आयएसओत ७.१.६ म्हणून क्लॉज आहे, संस्थेच्या ज्ञानाबद्दल, २०१५ ला नवीन आला. तुमच्याकडे पुढच्या वर्षभरात रिटायर होणारे कोण आहेत त्यांची यादी काढा. त्यांना 'तुम्हाला येतं ते लिहून द्या' म्हणू नका, कुणी लिहून देत नाही. त्यांच्याबरोबर मशीनवर उभे राहा, प्रश्न विचारा आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं, मग त्यांना वाचून दाखवायचं. आमच्याकडे एका फोरमननी असं वाचून दाखवताना आठ ठिकाणी थांबवलं, "असं नाही रे, उन्हाळ्यात वेगळं करतो मी."

कुंडईकर_ताई

मंडळी, सहा-सात आठवडे झाले, चवथही होऊन गेली, काय केलं ते सांगायला आले.

बी शिफ्टवाल्या भाऊंचं वाचून आधी लॉगिन मोजले. १९८ माणसं, त्यातल्या ७१ जणांनाच लॉगिन. हा एकच आकडा घेऊन मी एमडींकडे गेले, बाकी काही बोलावंच लागलं नाही, ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. लायसन्सचं पुढच्या बजेटमध्ये घेतो म्हणालेत, तोवर कॅन्टीनमध्ये स्क्रीन लागलाय, यूपीएससकट.

दोन आठवडे ग्रुपवरचे प्रश्न वहीत उतरवले. रात्री जेवणं झाल्यावर बसायचे. बस, रजा किती उरली, पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन नंबर, ओव्हरटाइम कधी मिळणार, सेफ्टी शूज, एवढ्यातच बहुतेक सगळं संपतं. पॉलिसी मॅन्युअल एकानेही मागितलं नाही आणि आमच्या पहिल्या पानावर तेच सगळ्यात मोठं होतं. कार्डंही केली. स्टोअर्सच्या एका काकांनी बस, कॅन्टीन आणि बूट एका गठ्ठ्यात ठेवून वर लिहिलं 'रोजचं'. मला ते इतकं आवडलं की पहिल्या पानावर तोच शब्द ठेवलाय. दुसऱ्या गठ्ठ्याला सहाजणांनी 'पैसे' असं नाव दिलं, तेही तसंच ठेवलं. अकाउंट्सचे साहेब आधी नाराज होते, 'वित्त' लिहा म्हणत होते, मी त्यांना कार्डं दाखवली.

आता चौदा पानं आहेत, बाकीचं सगळं आर्काइव्हमध्ये हलवलं. प्रत्येक पानाच्या वर माणसाचं नाव. बसचं पान ट्रान्सपोर्टच्या सुपरवायझरकडे. ते आधी नको म्हणाले, कॉम्प्युटर येत नाही म्हणून. लॅबमधल्या त्या मुलीने त्यांना दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, मी सांगितलं नव्हतं, तिनेच विचारलं होतं मला, मी शिकवू का म्हणून. चवथीच्या सुट्टीनंतर दोन दिवस बस होंड्याहून सुटणार होती, वाळपईला जाणार नव्हती, तो बदल त्यांनी स्वतः पानावर टाकला आणि मला फोन करून विचारलं, "बाई, केबिनवरचा काढला काय?"

काढला होता. लॅमिनेशनचा तो कागद माझ्या कपाटात आहे, वर तारीख घालून. केबिनच्या भिंतीवर आता फक्त क्यूआर आहे, आणि खाली ट्रान्सपोर्टचा फोन नंबर, ज्यांच्याकडे नेट नसतं त्यांच्यासाठी.

एक राहिलंय, ते विचारते. क्यूए सर, आमचे बॉयलरवाले मामा जानेवारीत रिटायर होतायत. त्यांच्याबरोबर उभं राहून लिहून घ्यायचं तर एका वेळी किती वेळ घ्यावा, आणि त्यांचं बोलणं कोकणीत असतं, ते मराठीत लिहून काढावं की जसं बोलतात तसंच ठेवावं?

वेर्णा_क्यूए

तासाभरापेक्षा जास्त नको, ते थकतात आणि मग 'हे सोपं आहे' म्हणून गाळायला लागतात. आठवड्यातून दोनदा या हिशेबाने आत्ताच सुरू करा, डिसेंबर फेस्त आणि सुट्ट्यांत जातो. कोकणीत बोलतात तसंच लिहून घ्या, आकडे आणि वॉल्व्हची नावं मात्र त्यांच्याकडून बोटाने दाखवून पक्की करा. मराठी नंतर करता येईल, पण तेही त्यांनाच वाचून दाखवा, ते असेपर्यंत.